युरोपची बस आणि मुलीचे घर

परदेश पाहण्याचे दोन मार्ग आहेत. एक, कंपनीच्या बसमध्ये बसून; दुसरा, स्वतःच्या पायांनी. गेल्या उन्हाळ्यात मी सपत्नीक दोन्ही मार्गांनी युरोप पाहिला, आणि दोन्हींचा मला सारखाच वीट आला. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. नांदेडला कलेक्टर कचेरीसमोर टेबल टाकून मी अर्धे आयुष्य अर्ज लिहिण्यात घालवले आहे. माझी शाळा दहावीला सुटली. परंतु जमिनीचा फेरफार अडला, संपादनाचा मावेजा थकला, की पदवीधर माणसेही माझ्यासमोरच्या बाकावर येऊन बसतात, आणि त्यांचे गाऱ्हाणे सरकारला समजेल अशा भाषेत मीच मांडतो. तेव्हा कोणती गोष्ट आधी सांगावी आणि कोणती मागाहून, हे मला कळते.

आमची एकुलती एक मुलगी लातूरला शिकून इंजिनियर झाली. उदगीरच्या एका चांगल्या घरातला मुलगा पाहून आम्ही तिचे लग्न लावून दिले, आणि दोघेही नोकरीसाठी जर्मनीतील कोलोन या शहरी गेले. त्यानंतर तीन वर्षे ती घरी आली नाही. कधी रजा नव्हती, कधी कागदपत्रे अडकली होती. फोन मात्र दर रविवारी होई. मुलगी फोनवर हसे, मागची पांढरी भिंत दाखवी, खिडकी दाखवी. माझ्या पत्नीचे समाधान होत नसे. तिची एकच इच्छा होती: मुलगी जिथे राहते ते घर स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे.

"फोनात भिंत दिसती," ती म्हणे. "घर न्हाई दिसत."

मुलीचे म्हणणे होते की आम्ही सरळ तिच्याकडे यावे, महिनाभर राहावे; ती आणि जावई रजा काढून आम्हाला रेल्वेने सावकाश सगळे दाखवतील. मी नकार दिला. मुलीला मूलबाळ होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरी अन्नपाणी घेऊ नये, असा आमच्यात रिवाज आहे. माझ्या वडिलांनी तो पाळला. माझ्या बहिणीच्या दारात, भर उन्हात, पाण्याचा तांब्या परत करताना मी त्यांना पाहिले आहे. जावयाच्या घरी महिनाभर ताटावर बसणे मला शक्य नव्हते, मग ते घर देगलूरला असो की जर्मनीला.

त्याच सुमारास उमरीजवळच्या आमच्या शेतातून रस्ता गेला आणि त्याचा मावेजा हाती आला. लातूरच्या एका कंपनीची युरोप सहल निघणार होती. त्यांच्या रंगीत पत्रकात पॅरिस होते, हॉलंड होते, स्वित्झर्लंडचा बर्फ होता, आणि मध्ये एका ओळीत 'कोलोन येथील भव्य चर्च, छायाचित्रांसाठी थांबा' असेही होते. मी ताबडतोब दोन जागा भरल्या. मुलगी चर्चपाशी येईल, मायलेकींची भेट होईल, आणि रिवाजालाही धक्का लागणार नाही. पत्नीने हे ऐकून घेतले.

आता बसविषयी.

त्या बसमध्ये मनुष्याला मेंढराप्रमाणे मोजतात. सकाळी मोजतात, लघवीहून आल्यावर मोजतात, जेवल्यावर पुन्हा मोजतात. पुढे एक पुण्याकडचा तरुण मॅनेजर, हातात केशरी छत्री. ती छत्री जिकडे जाईल तिकडे आपण जायचे. लातूरचे दोन आडते, उदगीरचा एक डॉक्टर, नांदेडचे शिक्षक, सगळी आपापल्या गावी मान असलेली माणसे, त्या छत्रीमागे पळत होती. पुढची जागा कोणाला, यावरून पहिल्याच दिवशी दोन घरांत बोलणे बंद झाले. पॅरिसचा तो लोखंडी मनोरा आम्ही पाहिला म्हणण्यापेक्षा त्याच्याकडे पाठ करून आम्ही सर्वांनी फोटो काढले, असे म्हणणे खरे ठरेल. दुपारी बसच्या पोटातून डबे निघत आणि त्या मनोऱ्यापुढच्या प्रसिद्ध बागेत, हिरवळीवर बसून, आमची मंडळी छोल्यांची फोडणी कच्ची राहिली म्हणून भांडत. मुतारीत शिरायला नाणे लागे. नाणे वाचावे म्हणून एकामागून दुसऱ्याने फाटकातून घुसण्याचा प्रकार मी या डोळ्यांनी पाहिला. घुसणारा गृहस्थ निवृत्त हेडमास्तर होता.

माझ्या पत्नीने यातले काही पाहिले नाही. ती खिडकीशी बसून असे आणि अधूनमधून एकच विचारी, कोलोन किती राहिले.

हॉलंडच्या मुक्कामी, संध्याकाळच्या जेवणाला, मॅनेजरने टाळी वाजवून जाहीर केले की पुढच्या मार्गावर रस्त्याचे काम चालू आहे, सबब उद्या कोलोनचे चर्च बसमधूनच दाखवण्यात येईल. बस थांबणार नाही. कोणाला काही वाटले नाही. चर्चे सगळ्यांनी भरपूर पाहिली होती. माझ्या पत्नीने हातातला घास ताटात ठेवला, हात धुतले आणि ती खोलीत निघून गेली.

मी मॅनेजरला तोंडी काही बोललो नाही. तोंडी बोलण्याची किंमत मला ठाऊक आहे. मी खोलीतून कागद आणले, हॉटेलच्या जेवणाच्या टेबलावर पसरले आणि अर्ज लिहायला घेतला.

आमच्या धंद्यात अर्ज लिहिण्याची एक रीत आहे. जे खरोखर हवे ते पहिल्यांदा मागायचे नाही. आधी एक मोठी, अवाढव्य मागणी मांडायची, जी कोणताही अधिकारी मान्य करणार नाही. आणि खाली 'अथवा, ते शक्य नसल्यास' असे लिहून आपली खरी, लहान मागणी ठेवायची. साहेब मोठी मागणी खोडतो, त्याला आपला अधिकार चालवल्याचे समाधान मिळते, आणि लहान मागणी तो उदारपणे देऊन टाकतो. या रीतीने मी लोकांना विहिरी मिळवून दिल्या आहेत.

त्याप्रमाणे मी लिहिले की अर्जदार व त्यांची पत्नी यांना कोलोन येथे सहलीतून मोकळे करावे, अर्जदार आपल्या मुलीकडे मुक्काम करून स्वतःच्या जबाबदारीवर स्वित्झर्लंड येथे पुन्हा सामील होतील. अथवा, ते शक्य नसल्यास, बस सदर चर्चपाशी केवळ एक तास थांबवावी. खाली सहप्रवाशांची अनुमती म्हणून सह्यांसाठी जागा सोडली.

सह्या भराभर झाल्या. देगलूरचे एक कापडवाले मियाँ आमच्या मागच्या जागेवर बेगमेसह बसत. त्यांनी चष्मा लावून सगळा मजकूर वाचला.

"मुन्शीजी," ते म्हणाले, "दस्तखत करतो मी. पर वरची बात कायको लिवली? यानं हाव म्हणला तं?"

मी म्हणालो, तो म्हणणार नाही; आमच्या धंद्यातले मला शिकवू नका. त्यांनी खांदे उडवले आणि उर्दूत सही ठोकली.

मॅनेजरने अर्ज उभ्याउभ्याच वाचला. बहुधा पहिला परिच्छेदच वाचला. मग खिशातले पेन काढून 'स्वतःच्या जबाबदारीवर' या माझ्या शब्दांखाली रेघ ओढली आणि म्हणाला, "काका, मान्य. उद्या कोलोनच्या अलीकडे पेट्रोल पंपावर तुम्हाला उतरवतो. जावयांना तिथं यायला सांगा."

मी खालच्या परिच्छेदाकडे बोट दाखवले. तो म्हणाला, वरचे मान्य झाल्यावर खालच्याचा प्रश्न येतो कुठे. कायद्याने ते बरोबर होते, म्हणून मला अधिकच संताप आला. आणि ज्यांनी आमच्यासाठी सह्या केल्या त्या मंडळींत, आमच्या दोन जागा रिकाम्या होणार म्हणून, तिथेच ठराव सुरू झाले की खिडकी कोणी घ्यायची. माणसाची किळस येण्यासाठी सातासमुद्रापलीकडे जावे लागते, हे मला ठाऊक नव्हते.

खोलीत येऊन मी पत्नीला सांगितले. ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. उठून बसली आणि तिने बॅग भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्हाला खरोखरच एका पंपावर उतरवण्यात आले. जावई मोटार घेऊन उभा होता, वाकून पाया पडला आणि माझ्या हातातली बॅग घेत म्हणाला, "मामा, बरं झालं. त्या बसमध्ये काय दिसतंय." मुलगी आईच्या गळ्यात पडली.

घर तिसऱ्या मजल्यावर होते, लहान, नीटनेटके, आणि थंड. मुलीने आल्याबरोबर पाण्याचे दोन ग्लास आणले. मी हात जोडले. पत्नीने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही; तिने ग्लास घेतला, ती सगळे पाणी प्यायली, आणि दुसरा, माझ्यासाठी आणलेला, तोही प्यायली.

आता पायी हिंडण्याविषयी.

बसमध्ये निदान कोणीतरी ठरवीत असे. इथे कोणीच काही ठरवीत नाही. जावई हातातल्या फोनकडे पाहत चाले, आम्ही त्याच्यामागे. म्हणजे छत्री जाऊन फोन आला, एवढाच फरक. बुरबुर पावसात मैलोगणती चालून एका संग्रहालयाशी पोचलो तर सोमवार म्हणून ते बंद. एकदा गाडीचा फलाट ऐन वेळी बदलला आणि आम्ही पळत गेलो तेव्हा गाडी निघाली होती. कोणत्या इमारतीपुढे किती वेळ उभे राहावे, हे सांगणारा कोणी नाही. कोणत्या राजाने बांधली, कधी जळली, काही कळत नाही, जावई म्हणे, "मामा, नुसतं बघा की." नुसते काय पाहायचे? दगडच पाहायचा तर माहूरच्या वाटेला काय कमी आहेत?

त्यात माझ्या जेवणाचा प्रश्न. मुलीच्या घरी मी झोपत होतो, त्याला इलाज नव्हता. पण अन्न घेणार नव्हतो. मी स्टेशनाजवळच्या दुकानातून स्वतःच्या पैशाने पाव आणि केळी आणीत असे आणि इमारतीखालच्या बाकावर बसून खात असे. तो पाव बाहेरून विटेसारखा टणक आणि आतून थंडगार. वर खिडकीत मायलेकी दिसत. मुलगी दोनदा खाली आली. पहिल्यांदा ती रडली. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "पप्पा, इथं तुम्हाला बघणारं कोण आहे?" मी तिला सांगितले की रिवाज बघणाऱ्यांसाठी नसतो. ती वर गेली.

चर्चही पाहिले. ते खरोखर प्रचंड आहे, काळेठिक्कर, वर मान केली की टोपी पडेल इतके उंच. जावयाने आणि मी त्याला पूर्ण प्रदक्षिणा घातली. माझी पत्नी आणि मुलगी समोरच्या पायऱ्यांवर चर्चकडे पाठ करून बसल्या होत्या, आणि आम्ही परत आलो तेव्हाही तशाच बसल्या होत्या. ज्या वास्तूसाठी जगातून माणसे येतात तिच्याकडे त्या दोघींनी एकदाही वळून पाहिले नाही. मी तसे बोलून दाखवले.

"तुम्ही बघितलंव ना," पत्नी म्हणाली. "झालं मग."

स्वित्झर्लंडला सामील होण्याच्या आदल्या संध्याकाळी मी तिला बॅग भरायला सांगितले. ती स्वयंपाकघरात उभी होती. मुलगी अजून कामावरून यायची होती.

"मी येत न्हाई," ती म्हणाली.

मी विचारले, म्हणजे काय. जागा भरलेल्या आहेत, बर्फाचा डोंगर आहे, तारेवरच्या पाळण्यातून वर नेतात.

"ती उभ्याउभ्या जेवती," ती म्हणाली. "तुम्हाला म्हाईत हाय का? ह्या ओट्याला टेकून, ताट हातात धरून. जावईबापूंची पाळी रातची, हिची दिवसाची. तीन वर्ष झाली, एकटी उभ्याउभ्या खाऊन राहिली ती. खुर्ची हाय, टेबल हाय. एकटीनं बसू वाटत न्हाई म्हणती."

मी म्हणालो, मग तू राहून काय होणार. विमानाचा दिवस तर ठरलेला आहे.

"तवर ती बसून जेवंल."

लहान मागणी करून ती थांबली होती, आणि 'अथवा' असे खाली काही नव्हतेच. परतीच्या विमानासाठी जावई तिला विमानतळावर आणून सोडील असे ठरले. मी सकाळी एकटाच रेल्वेत बसलो.

बसमध्ये माझे काही विशेष स्वागत झाले नाही. आमच्या जागांवर लातूरचे आडते बसले होते. ते उठायला तयार नव्हते, आणि शेवटी मला सर्वांत मागे, इंजिनाच्या उष्णतेवर, बसावे लागले. मॅनेजरने मोजले, एक कमी भरला, त्याने पुन्हा मोजले.

"काका, काकू कुठंयत?"

मी त्याला सांगितले की त्या स्वतःच्या जबाबदारीवर आहेत.

डोंगरावर नेले. बर्फ होता, बर्फात आमची मंडळी एकमेकांच्या अंगावर गोळे फेकीत होती, आणि हेडमास्तर चहाच्या रांगेत मधूनच घुसत होते. देगलूरचे मियाँ माझ्याजवळ येऊन उभे राहिले, मुन्शीजी कैसे हो एवढेच म्हणाले, आणि माझा पडलेला चेहरा पाहून पुढे काही बोलले नाहीत, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. माझ्या चष्म्यावर धुके धरले होते. मी एका खांबाच्या आडोशाला जाऊन मुलीला फोन लावला. त्या दिवशी तिला सुट्टी होती. मी विचारले, आई कुठे आहे.

"झोपलीय," मुलगी हलक्या आवाजात म्हणाली. "जेवलो दोघी, आणि तिथंच टेबलापाशी बोलता बोलता झोपली. पलंगावर नेऊन निजवलं. उठवू का?"

दुपारचे दोन वाजले असतील. लग्न झाल्यापासून या बाईला मी दिवसा झोपलेली पाहिलेली नाही. आणि मुलगी गेल्यापासून रात्रीही ती कितीदा उठून बसे, ते मला ठाऊक आहे.

मी म्हणालो, उठवू नको.

"पप्पा, तुम्ही जेवलात का?"

मी सांगितले की रांगेत आहे. खाली मॅनेजर छत्री हलवीत सर्वांना मोजणीसाठी बोलावत होता. मी फोन कानाशी तसाच धरून उभा राहिलो; पलीकडे मुलीने कसलेतरी भांडे आवाज होऊ न देता खाली ठेवले.