आत्याबाईंचा जांभळा धान

लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात मी एका बाईचं अख्खं पीक उपटून टाकलं आणि वर बांधावर उभी राहून शाबासकीची वाट पाहिली.

माझं माहेर कोरपन्याकडचं, कपाशीचं. कपाशीचं पान लाल पडलं म्हणजे रोग, एवढं मला ठाऊक होतं. मी चौथी पास होते, त्यामुळे उरलेलं जगही मला ठाऊक आहे अशी माझी समजूत होती. सासर धानाच्या मुलखात, तलावाच्या काठचं गाव. मला तण निंदायला पाठवलं त्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, निम्मी रोपं हिरवीगार आणि निम्मी जांभळी. बिचाऱ्या हिरव्यांना रोग लागू नये म्हणून मी दिवसभर वाकून जांभळी तेवढी उपटली. शेजारच्या शेताला लागून असलेल्या कोपऱ्यात वारूळ होतं. सापाच्या भीतीनं तो कोपरा राहिला.

बांधी आत्याबाईंची होती. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला आणि त्या माहेरी परत आल्या, त्या पदराच्या गाठीत जांभळ्या धानाचं बी बांधून. भावानं त्यांना कुणालाच नको असलेली बांधी दिली, रानधानानं भरलेली. रानधान आणि पेरलेला धान लहानपणी इतके सारखे दिसतात की निंदणारी बाई हमखास फसते. पुढे रानधान कापणीच्या आधीच सगळे दाणे चिखलात झाडून मोकळा होतो. आत्याबाईंच्या जांभळ्या पानाच्या धानात ही फसवणूक चालत नसे. जांभळा तो आपला, हिरवा तो चोर. मी बरोबर उलटं केलं होतं.

त्या आल्या, बांधीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बांधावर बसून बिडी पेटवली. म्हणाल्या, "चोराले पाट देल्ला बसाले, अन् घरधन्याले हाकललं. वा गं चौथी पास!" आणि इतक्या हसल्या की ठसका लागला. मी रडत होते. त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. "कोपऱ्यातले वाचले ना? तेवढ्यावर जगू."

जगण्याची त्यांची रीत अशीच होती. विधवेनं बी पेरू नये असं सासूबाई म्हणायच्या. बाईनं बैल हाकू नये असं गाव म्हणायचं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं: "अशी रीत नाई? तर मंग आजपासून." जांभळं लुगडं नेसून त्या भर चौकातून बैल हाकत जायच्या, आणि वाटेवरच्या म्हाताऱ्यांना त्याच आधी हटकायच्या, "काय भाऊ, काऊन पाहून राह्यले? बैल नाई पाह्यला का कधी?"

सगळंच त्यांना कळायचं असं मात्र नाही. भांडकुदळ बाईच्या हातची काकडी कडू निघते यावर त्यांचा ठाम विश्वास होता आणि त्या सासूबाईंना काकडीच्या बियांना हातच लावू देत नसत. काकडी तरी कडूच निघायची. मग "तिनं दुरून पाह्यलं असन" म्हणायच्या.

धानाच्या रंगावर मात्र त्यांची बारीक नजर असे. कोपऱ्यातल्या वाचलेल्या लोंब्यांचं बी त्यांनी पुढच्या वर्षी पेरलं. बांधी जांभळीगर्द झाली. त्यात दिसेल तो हिरवा त्यांनी फुलोऱ्याआधी स्वतः उपटला, मला बांधावर बसवून. त्यातल्या एका जांभळ्या रोपाची टपोरी लोंबी त्यांनी वेगळी ठेवली आणि तिसऱ्या पावसाळ्यात तिचे दाणे विहिरीजवळ एका फुटक्या माठात पेरले.

त्याच पावसाळ्यात मला मुलगी झाली. घाऱ्या डोळ्यांची.

आमच्या घरात सगळ्यांचे डोळे काळे. माझे, यांचे, सासू-सासऱ्यांचे. घारे डोळे गावात एकाचेच, लाकडाच्या डेपोवरच्या बाबूचे. त्या माणसाशी मी उभ्या जन्मात एक शब्द बोलले नव्हते. पण सासूबाईंनी पाळण्यात डोकावून पाहिलं आणि मला वाढायचं बंद केलं. बारशाच्या आदल्या दिवशी माझं गाठोडं ओसरीवर आलं. बारसं झालं की मी पोरीसकट माहेरी जायचं, परत यायचं नाही. आमचे हे खांबाला टेकून पायाच्या नखानं जमीन उकरत होते. मी चौथी पास, पोरीची दुपटी मोजून त्याच गाठोड्यात भरत होते.

बारशाला बाया जमल्या. पोरीला पाळण्यात घालायला सासूबाई उठेनात. म्हणाल्या, "आमच्या घरात घारे डोळे नाईत. दुसऱ्याच्या लेकराले आमच्या पाळण्यात घालाची रीत नाई."

"तर मंग आजपासून," दारातून आवाज आला.

आत्याबाईंच्या काखेत तो फुटका माठ होता. त्यांनी तो शेणानं सारवलेल्या जमिनीवर सासूबाईंसमोर पालथा केला. चिखल सगळीकडे उडाला. चिखलात जांभळी रोपं, आणि त्यांच्यात मधे मधे हिरवी.

"वयनी, या साऱ्याईची माय एक. मी सोता पाह्यली, बुडापासून शेंड्यालोक जांभळी. तिच्या चारी बाजूनं जांभळेच. मंग हे हिरवे कुठून आले?"

सासूबाई म्हणाल्या, "मले काय मालूम?"

"मले मालूम हाये. ही माहेरची शहाणी, हिनं माही बांधी उपटली. कोपऱ्यातले बिचारे एकटे पडले, त्याईले शेजारच्या हिरव्याचा वारा लागला. पुढल्या साली पोटात हिरवा घेऊन जांभळे उगवले. मले तरी दिसला का? यंदा निंघाला भाईर. रंग मरत नाई वयनी, लपून बसते. आपल्या घरात घारे नाईत नको म्हनू. दिसत नाईत म्हन. तुह्या आजीच्या आजीचे डोळे तू पाह्यले का?"

मग त्यांनी एक हिरवं रोप उचलून सासूबाईंच्या हातात दिलं. "घे. याच्या मायलेही माहेरी धाड."

एक म्हातारी फिसकन हसली, आणि त्यानंतर सगळ्याच. आमचे हे खांब सोडून पुढे आले. त्यांनी माझं गाठोडं आत नेऊन ठेवलं. पोरीला पाळण्यात आत्याबाईंनीच घातलं, चिखलाच्या हातांनी. विधवेनं तसं करायची रीत नव्हती.

काही वर्षांनी सासूबाईंच्या माहेरी, त्यांच्या सख्ख्या भावाला घाऱ्या डोळ्यांचा नातू झाला. आत्याबाईंनी त्या दिवशी दोन बिड्या जास्त ओढल्या.

पुढे त्यांचे गुडघे गेले. त्यांची बांधी मी करू लागले. जांभळा काढायचा नाही, हिरवा काढायचा, हे बांधावरून ओरडून सांगायला त्या रोज यायच्या, मला नातवंडं झाली तरी. शेवटच्या पावसाळ्यात त्यांना उचलून बांधावर आणावं लागलं. तेव्हा धीर करून मी इतकी वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न विचारला, "आत्याबाई, बारशाच्या दिवशी तुमाले माह्यावर पक्का भरोसा होता ना?"

त्यांनी बिडीचा धूर सोडला आणि म्हणाल्या, "तुह्यावर? तुले समोरचा जांभळा-हिरवा कळत नव्हता वो बाई, तू कोन्या बाबूचे डोळे काय पाहशीन!"