माझ्या हातचं दार

मी त्या गाडीच्या दारावर घणाचे तीन घाव घातले. कुणी माझा हात धरून घालायला लावले नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी माझी कीव करायला नको.

त्याच्या तीन-चार वर्षं आधी, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या आमच्या कंपनीनं मला जपानमधल्या एका लहान शहरात आठ महिने पाठवलं होतं. आम्ही मोटारींचे पत्र्याचे भाग बनवायचो. पत्रा ज्या पोलादी डायमध्ये दाबून आकाराला आणतात, ती डाय बनवण्यात तिकडची माणसं आमच्यापेक्षा सरस होती, आणि ते शिकून यायचं होतं. तीन बाजूंनी डोंगर, मधून उथळ नदी, संध्याकाळी सहालाच खाली ओढलेली दुकानांची शटरं, असं ते शहर. परदेशी माणूस मी एकटाच. पोरं चार हात अंतर ठेवून मागे चालायची. सार्वजनिक न्हाणीघरात मी गरम पाण्याच्या हौदात उतरलो की बाकीचे एकेक करून बाहेर पडायचे. पहिले दोन महिने मला ते शहर डोळ्यांसमोर नको झालं होतं.

मला शिकवायला पन्नाशीतले एक कारागीर नेमले होते. मी मनातल्या मनात त्यांना उस्ताद म्हणायचो. शिकवायला म्हणजे काय, महिनाभर त्यांनी मला कशाला हातसुद्धा लावू दिला नाही. एकदा चालताना माझा पाय खाली पडलेल्या कानशीला लागला. सांगलीला वडिलांचं लेथचं वर्कशॉप होतं. तिथं हत्याराला पाय लागला की वाकून त्याला हात लावायचा आणि तो हात कपाळाला लावायचा, नाहीतर पाठीत धपाटा बसायचा. ते अंगात इतकं मुरलेलं की मी वाकलो, नमस्कार केला आणि पुढे निघालो. उस्तादांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात ऑइलस्टोन, म्हणजे पोलाद घासून गुळगुळीत करायचा दगड, दिला आणि मोटारीच्या दाराच्या डायसमोर बसवलं. पाच आठवडे मी ती डाय घासली. ते रोज संध्याकाळी तळहात फिरवून बघायचे आणि मान हलवायचे, नाही म्हणून. दगड हातात दिला त्याच आठवड्यात ते माझ्याबरोबर न्हाणीघरात आले, हौदात माझ्या शेजारी बसले. त्या दिवशी कुणी बाहेर पडलं नाही.

त्यांचा उजवा तळहात गुळगुळीत होता, रेषाच नव्हत्या. युद्धाच्या शेवटच्या उन्हाळ्यात अमेरिकन विमानांनी ते शहर जाळलं तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. आईनं त्यांना भाताच्या खाचरात, पाण्यात ढकललं. ती मात्र बांधावरच जळाली. सकाळी घरच्या वर्कशॉपच्या राखेत एक व्हाइस, काम धरायची लोखंडी पकड, तेवढी उरली होती, ती उचलायला गेले आणि हात भाजला. हे त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत, जेवता जेवता सांगितलं. तीच व्हाइस मी रोज वापरत होतो. मी वाटी खाली ठेवली. त्यांनी माझ्या वाटीत आणखी भात वाढला.

पुढे ते ट्रॉयला आले, आमच्या प्रेसवर नवी डाय बसवायला, दोन आठवड्यांसाठी. वेळ फार वाईट होती. बाजारात जपानी गाड्या खपत होत्या आणि आमच्याकडे दर महिन्याला माणसं घरी बसत होती. पार्किंगमध्ये जपानी गाडी दिसली की कुणीतरी टायर फाडायचं. जपानला जाऊन आलो म्हणून माझ्या लॉकरवर रंगानं शिव्या लिहून झाल्या होत्या. सोमवारी कपातीची नवी यादी लागणार होती आणि आमच्या विभागातली नावं फोरमन देणार होता. घर नुकतंच घेतलेलं, मुलगी चार महिन्यांची. माझं नाव त्या यादीत नसावं, एवढंच मला त्या दिवसांत हवं होतं.

शनिवारी कंपनीची पिकनिक होती. बायको म्हणाली, "ते वीकेंडला एकटे मोटेलमध्ये बसणार? बरं दिसतं का ते? पिकनिकला घेऊन जा ना त्यांना." पाहुण्याला एकटं ठेवायचं नाही, हे आमच्याकडे ठरलेलंच. मी घेऊन गेलो. ते टाय बांधून आले होते, हातात मिठाईचा खोका.

मैदानावर गाडी दिसली तेव्हा आम्ही अजून पार्किंगमध्ये होतो. भंगारातून ओढून आणलेली, पुढून ठोकलेली जपानी गाडी. लोक पाळीपाळीनं तिच्यावर घण घालत होते. काच फुटली की आरोळी उठायची. दहा-बारा वर्षांची पोरं बेसबॉलच्या बॅटनं दिवे फोडत होती आणि आया फोटो काढत होत्या. तेव्हाच मागे फिरता आलं असतं. पण फोरमननं आम्हाला पाहिलं होतं.

त्यानं घण माझ्यापुढे धरला. मग उस्तादांकडे बोट करून विचारलं, "हा तुझ्याबरोबर आहे?"

मी म्हणालो, "नाही. मी इंडियाचा आहे."

विचारलं काय आणि मी उत्तर काय दिलं. उस्तादांना तेवढं इंग्रजी येत होतं.

मी घण घेतला. बॉनेट चेमटलेलं होतं, काचा गेल्या होत्या, धड असं ड्रायव्हरच्या बाजूचं दारच उरलं होतं. त्याच्या कमरेवरून जाणारी बारीक धार मी लांबूनच ओळखली. ते दार ज्या डायमधून निघालं होतं, ती मी घासली होती. पहिला घाव घातला आणि खरं सांगतो, मजा आली. लॉकरवरच्या शिव्या, न्हाणीघरातून उठून जाणाऱ्या पाठी, सगळ्यांचा राग त्या घणात उतरला. दुसरा त्याहून जोरात. तिसऱ्याला बिजागऱ्या तुटल्या, दार गवतावर पडलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोरमननं माझ्या पाठीवर थाप मारली. मागे सरताना माझा पाय दाराला लागला.

माझा हात आपोआप खाली निघाला. सगळे बघत होते. मी तो हात पँटच्या खिशात घातला.

उस्ताद पुढे आले. मिठाईचा खोका त्यांनी गवतावर ठेवला, वाकले, दाराला तळहात लावला आणि तो कपाळाला लावला. मी त्यांच्या वर्कशॉपमध्ये कानशीला नमस्कार केला होता, अगदी तसाच. त्यांचं डोकं खाली असतानाच कुणीतरी मागून लाथ घातली. ते तोंडावर पडले, फाटक्या मडगार्डची कड ओठातून आरपार गेली. आणखी एक लाथ बरगडीत बसली. बिअरचा कॅन येऊन कानशिलावर आदळला. कुणीतरी खोका तुडवला. मी मोजून तीन पावलांवर होतो, घण माझ्या हातात होता, आणि मी हललो नाही. दुसऱ्या विभागातल्या एका म्हाताऱ्या वेल्डरनं शिव्या घालत सगळ्यांना मागे ढकललं, तेव्हा कुठे माझे पाय सुटले.

हॉस्पिटलमध्ये ओठाला नऊ टाके घातले. घरी बायकोनं माझ्या शर्टावरचं रक्त पाहून विचारलं, "तुला कुठे लागलं?" मला कुठेच लागलं नव्हतं. तिला सगळं सांगितल्यावर ती मुलीला उचलून आतल्या खोलीत गेली.

सोमवारी यादी लागली. माझं नाव नव्हतं.

मंगळवारी मी उस्तादांना विमानतळावर सोडायला गेलो. माफी मागायची म्हणून जपानी वाक्य पाठ केलं होतं, ते न म्हणताच मी गाडी चालवत राहिलो. ते खिडकीतून बाहेर बघत होते. सुजलेल्या ओठातून शब्द नीट फुटत नव्हते, म्हणून हळूहळू, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "दार चांगलं झालं होतं. तीन घाव बसले. पत्रा फाटला नाही."

मग त्यांनी तो रेषा नसलेला तळहात, डाय तपासताना फिरवायचे तसा, माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवरून एकदा फिरवला आणि मान हलवली. पाच आठवडे त्यांनी जी 'नाही' म्हणून हलवली होती तशी नाही. होकाराची.