सात आणि आठ

"एक... दोन... तीन..." बाहेरून ऐकणाऱ्याला वाटायचं, कुणी सहलीला निघालेली मुलं मोजतंय. माझी सहकारी मात्र माइक तोंडाशी धरून, डोळे मिटून, एकटीच आठपर्यंत मोजत असायची. आठ झाले की डोळे उघडून मला म्हणायची, "चला भैया, आता कोण कुठे बसलंय ते पाहू."

झाशीच्या सदर बाजारातल्या आमच्या स्टुडिओत टीव्हीसाठी कार्यक्रम तयार होतात. चॅनेलला नुसतं चित्र आणि आवाज देऊन भागत नाही. एकाच फाइलमध्ये आवाजाचे आठ ट्रॅक वेगवेगळे द्यावे लागतात. पहिल्या दोनांत सगळं एकत्र, पुढच्या दोनांत निवेदन वगळून बाकीचं, पाच-सहात नुसतं निवेदन, आणि सात-आठ अगदी शांत. एक जरी इकडचा तिकडे झाला की फाइल परत. माझ्या परत यायच्या. तिची एकही आली नाही.

तिची युक्ती साधी होती. प्रत्येक ट्रॅकच्या सुरुवातीला ती त्याचा आकडा स्वतःच्या आवाजात टाकायची, छोटीशी फाइल काढून ऐकायची, आणि सगळे जागच्या जागी आहेत अशी खात्री पटली की आकडे पुसून खरी फाइल काढायची. मोजायची मात्र मराठीत. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "कार्यक्रम हिंदीत ना? हिंदीत मोजलं तर त्यातच मिसळून जातं. मराठी पटकन कानाला टोचते." झाशीत मराठीचा असा उपयोग करणारी ती एकटीच असेल. मी घरी आईशी मराठीत बोलतो तेवढंच. मोजायची वेळ आली की माझ्या तोंडात एक-दो-तीनच येतं.

सांगूनच टाकतो, मी तिच्यावर जळायचो. मला तिथे नऊ वर्षं झाली होती, तिला दोन. तरी मालक आत आले की माझ्या खुर्चीला वळसा घालून तिच्याकडे जायचे. चॅनेलचा फोन मी उचलला की पलीकडून आवाज यायचा, "मॅडम को दीजिए." बडा बाजारातल्या घरून ती डब्यात सांजोऱ्या आणायची आणि पहिली मलाच द्यायची. सांजोऱ्याही छान असायच्या. तेही मला खपायचं नाही.

मग चॅनेलची वर्षभराची मालिका आमच्याकडे येणार असं ठरलं. त्या मालिकेची सगळी जबाबदारी एकाच्याच हाती देणार, असं मालकांनी सांगून टाकलं. जवळच्या गरौठा गावातल्या विहिरींवरचा नमुन्याचा भाग तिला दिला. तो पास झाला की मालिका तिची आणि मी जन्मभर तिच्या हाताखाली, हे उघडच होतं.

फाइल पाठवायच्या दुपारी तिच्या वडिलांना डॉक्टरकडे न्यायचं होतं. स्कूटरची किल्ली शोधत ती म्हणाली, "भैया, फाइल काढलीय. एकदा ऐकून पाठवाल? तुम्ही ऐकलंत म्हणजे मला काळजी नाही."

मी एकेक ट्रॅक ऐकला. सहापर्यंत सगळं चोख. सातव्यावर तिचा आवाज आला, "सात." आठव्यावर, "आठ." घाईत दोन आकडे पुसायचे राहून गेले होते. पुसून पुन्हा फाइल काढायची, एवढंच काम. मी हेडफोन काढले, तपासणीच्या कागदावर 'सुना, ठीक है' लिहून सही ठोकली आणि फाइल पाठवून दिली. मग चहा प्यायलो. चहा छान लागला, हेही कबूल करतो.

दोन दिवसांनी फाइल परत आली. मालकांनी ती सगळ्यांसमोर लावली.

"ये कौन गिन रहा है?"

"मैं हूँ, सर. ग़लती मेरी है," ती म्हणाली. तपासणीचा कागद तिच्याच हातात होता. तिने तो वाचला, घडी घातली आणि खणात ठेवून दिला.

संध्याकाळी जिन्यात तिने मला गाठलं. "भैया, सात-आठ ऐकले होतेत?"

"ऐकले. काहीच नव्हतं."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या गळ्यातल्या हेडफोनकडे. "मग हे गेले तुमचे," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःचे हेडफोन माझ्या टेबलावर आणून ठेवले. "माझे घ्या. यात सगळं ऐकू येतं."

टोमणा होता की माया, तुम्हीच सांगा. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. टोमणा असता तर बरं झालं असतं, निदान मला तिच्यावर रागावता आलं असतं.

मालिका मला मिळाली. चार महिन्यांनी ती भोपाळला गेली, आमच्यापेक्षा मोठ्या स्टुडिओत. चॅनेलवाले अजून फोनवर विचारतात, "मॅडम नहीं हैं?" आणि तिच्या खुर्चीत बसूनसुद्धा माझा जळफळाट होतो.

आता माझी एकही फाइल परत येत नाही. मीही आधी आकडे टाकतो, मराठीत, अडखळत. मग पुसतो. पाठवण्याआधी तिचे हेडफोन लावून सातवा ट्रॅक ऐकतो, आठवा ऐकतो. दोन्हींत काही नसतं. ते काही नसलेलं मी शेवटपर्यंत ऐकतो, पूर्ण अर्धा तास, आणि मगच सही करतो.