शेजारच्या आक्काची हरकत

मालक फौजेत हवालदार, सरहद्दीवर. ते पेन्शनवर यायच्या आत घर उभं राहावं म्हणून सांगलीत कुपवाडच्या रस्त्याला प्लॉट घेतला होता आणि बांधकामावर देखरेख माझी. बायकांना बांधकामातलं काय कळतंय, असं सासरकडचे सगळे म्हणत होते. त्यांना दाखवून द्यायचं म्हणून मी जास्तच ताठ.

चुन्याची फक्की मारून आखणी झाली, तर एका कोपऱ्यात पायाच्या रेघेवर वारूळ. पलूसकडचा गवंडी कुदळ टाकून बाजूला झाला. "वैनी, ह्येला हात न्हाई लावायचा आपुन. पंचमीला बाया पुजत्यात." मी साताऱ्याकडच्या खेड्यात वाढलेली, मला काय वेगळं सांगायचं? नागपंचमीला आमच्याकडं भाजीसुद्धा चिरत नाहीत, तिथं वारूळ फोडून पाया घालायचा? "मग सरकवा की सगळंच पलीकडं," मी म्हटलं. सरकवलं. नगरपालिकेनं मंजूर केलेला नकाशा ट्रंकेत होता, तो ट्रंकेतच राहिला. तो बघावा असं ना गवंड्याच्या मनात आलं, ना माझ्या.

भिंती दारं-खिडक्यांच्या लिंटलपर्यंत आल्या आणि नगरपालिकेचे ओव्हरसिअर टेप घेऊन हजर. शेजारच्या कुंपणापासून पाच फूट जागा मोकळी हवी होती, भरली तीन. पाया का सरकवला, म्हणून विचारलं, तेव्हा मी वारूळ दाखवलं. त्या भल्या माणसानं चपला काढून आधी वारुळाला हात जोडले आणि मग म्हणाले, "ते सगळं खरं बाई, पण ही भिंत उतरवावी लागणार."

तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं. होतं नव्हतं ते त्या भिंतीत गेलेलं. पाडली तर पुन्हा कधी मिळणार, देवच जाणे! मालक आयुष्यभर तंबूत आणि बराकीत राहिलेले. ते खांद्यावर बिस्तरा टाकून घरी येणार आणि मी त्यांना अर्धवट पाडलेलं घर दाखवणार? घास गोड लागेना मला.

वाट दाखवली ती ओव्हरसिअरांनीच. सूट मिळावी म्हणून अर्ज करा, समितीपुढं ठेवू, पण त्या बाजूच्या शेजाऱ्याची हरकत नको. झालं! त्या बाजूला होती आक्का.

आक्का जतकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. नवरा गेल्यापासून शेळ्या सांभाळत एकटीच राहायची. त्या शेळ्या माझ्या वाळूच्या ढिगावर चढायच्या, लेंड्या टाकायच्या. मी तोंडाची फटकळ, एकदा तिला नाही नाही ते बोलले. तीही काही कमी नव्हती. "वाळू काय साकर हाय व्हय गं, चाटून संपवाया?" तेव्हापासून आमचं बोलणं बंद. आता तिच्या दारात जाऊन पदर पसरायचा? माझा पायच उचलेना. मी नुसता अर्ज दिला आणि समितीच्या दिवशी नगरपालिकेत जाऊन बसले.

आक्कालाही बोलावणं गेलं होतं. समोरच्या बाकावर डोक्यावर पदर घेऊन बसली होती, माझ्याकडं ढुंकून बघेना. ओव्हरसिअरांनी सगळी हकीकत सांगितली. अध्यक्षांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "भिंत राहू दे. पण इतकी जवळ आलीय, तर त्या बाजूची खिडकी बुजवून टाका, म्हणजे शेजारणीला त्रास नको. मग तर हरकत नाही ना, मावशी?"

आक्का उठली. "हाय की. हरकत हाय."

गेली माझी भिंत, मी मनात म्हटलं.

"भिंतीला न्हाई वो," आक्का म्हणाली, "खिडकी बुजवायला हरकत हाय. मी येकटी बाई. कवा जीव घाबरा झाला, तर हाक कुणाला मारू? भिंतीला? खिडकी असली तर ही हवालदारीण ऐकंल तरी. भांडखोर हाय, पर कानाची लय तिखट हाय."

सगळी समिती हसली. मला मात्र रडू फुटलं, चारचौघांत, हुंदके देऊन. सूट मिळाली, खिडकीसकट. बाहेर आल्यावर मी आक्काचे पाय धरले, तर म्हणते कशी, "ऊठ गं, रस्त्यात काय तमाशा!" आणि कचेरीच्या नळावर नेऊन तिनंच माझं तोंड धुतलं. ज्या बाईला मी नको ते बोलले होते, तिनं माझं घर राखलं. किती वर्षं झाली, अजून तिची आठवण निघाली की माझे हात आपसूक जोडले जातात.

पुढं मालक पेन्शनवर आले. फौजी माणूस, पाणीसुद्धा न पिता आधी घराला चक्कर मारली. आक्काच्या बाजूच्या बोळात थांबले, दोन्हीकडं हात पसरून बघितले आणि मला म्हणाले, "ही भिंत एवढी जवळ कशी गेली गं?"

मी अजून शब्द जुळवतेय, तोवर कुंपणापलीकडून आवाज आला, "आवं हवालदारसायेब, म्याच वढून घ्येतलीया ती."