भरलेली बादली

पहाटे चारला तिचा दिवस सुरू व्हायचा. घरात गजराचं घड्याळ नव्हतं. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आई हंड्याखाली लाकडं सरकवायची, त्या आवाजानं जाग यायची. आवाजानं नाही आली, तर धुरानं यायची.

आई लोकांचे कपडे धुवायची. भट्टी घरची, दोरी घरची, पण नळ मात्र गल्लीच्या तोंडाशी. जायला पन्नास पावलं, यायला पन्नास. रोजच्या चाळीस बादल्या. त्यातल्या वीस हिच्या. भरलेली बादली उचलली की कोणता खांदा खाली येतो, रिकामा हात किती लांब जातो, मान कुठं वळते, हे तिला कुणी शिकवलं नाही. दहाव्या वर्षापासून अंगात मुरलेलं होतं.

धुतलेले कपडे पोचवायला ती स्टुडिओत जायची. एकोणीस वर्षांची होती, तेव्हाची गोष्ट. आत चित्रीकरण चाललं होतं. कपडे धुणाऱ्या बाईचं काम करायला एक नटी आणली होती आणि ती चादर पिळत होती. पिळत कसली, मांजर कुरवाळत होती. गाठोडं घेऊन दाराशी उभी असलेली ही फिस्कन हसली. शॉट वाया गेला.

"कोण हसलं?" दिग्दर्शक ओरडला.

"मी."

"हसायला काय झालं?"

"चादर कोरडी आहे, साहेब."

"मग?"

"मग पिळतायत कशाला?"

 दिग्दर्शकानं तिलाच पुढं बोलावलं. तिनं आधी चादर ओली करून मागितली. एक टोक खांबाला अडकवलं, दुसरं मनगटाला गुंडाळलं आणि असा पीळ दिला, की कॅमेरावाल्याचे बूट भिजले. तो बूट झटकत म्हणाला, "हिला ठेवा."

संध्याकाळी घरी येऊन तिनं एका दिवसाची मजुरी आईपुढं ठेवली. आठवडाभराच्या धुण्याला मिळायची त्याहून जास्त होती.

"किती काम केलंस?" आईनं विचारलं.

"एक चादर पिळली."

"एकच?"

"चार वेळा."

"म्हणजे पहिल्या तीन वेळा नीट पिळली नाहीस."

असा तिच्या कलाजीवनाचा शुभारंभ झाला.

पुढची वीस वर्षं ती पडद्यावर मोलकरीण झाली, परिचारिका झाली, खाणावळवाली झाली, नायकाला भाडं मागणारी घरमालकीण झाली. पात्राला नाव क्वचित असे. संवाद दोन, फार तर तीन. लोक तिला चेहऱ्यानं ओळखत आणि नेमकं कुठं पाहिलं ते आठवत नसे. बाजारात बायका विचारायच्या, "तुम्ही आमच्या दवाखान्यात होता का हो?" ती "हो" म्हणायची. समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं.

तिची अट एकच होती. बादली भरलेली हवी.

"बाई, आतलं पाणी कॅमेऱ्याला दिसत नाही," सामानवाला कुरकुरायचा. प्रत्येक रीटेकला त्याला नळापर्यंत जावं लागे.

"मला दिसतं," ती म्हणायची.

त्यानंच तिचं नाव बादलीबाई ठेवलं. ते चिकटलं ते कायमचं.

घरी मात्र तिच्या कामाला किंमत नव्हती. पहाटे चार ते साडेसहा ती भट्टीवर, मग हात पुसून बस पकडायची. दरवर्षी एकदा ती विषय काढायची.

"आई, आता बंद कर भट्टी. माझं चाललंय."

"कामासारखं काम मिळालं की बंद करते."

"मग मी करते ते काय आहे?"

"ते लोकांची करमणूक. ज्यात घाम नाही, त्यात उद्याचा भरवसा नाही."

"एकदा येऊन तरी बघ."

"अंधारात तीन तास बसू? आणि कपडे कोण वाळत घालणार?"

आई कधी चित्रपटगृहात गेली नाही. आणि एका बाबतीत तिचंच खरं ठरलं. कामाचा भरवसा नव्हता.

झालं असं. चित्रपटातल्या सुटकेसी रिकाम्या असतात, याचा तिला फार राग. माणूस देश सोडून कायमचा निघालाय, आई रडतेय, गाडी सुटतेय आणि बॅग आपली दोन बोटांत झुलतेय! एका चित्रपटात तिला गाडीतून उतरणारी मावशी करायची होती. तिनं टॉवेलात गुंडाळून आठ विटा बॅगेत भरल्या. नायकानं उडी मारून पुढं यायचं, हसत हसत मावशीची बॅग एका हातानं उचलायची आणि चालू लागायचं. हा नायक त्याच्या खांद्यांसाठी प्रसिद्ध होता.

विटांचं तिनं त्याला सांगितलं नाही. लपवलं नाही, सुचलंच नाही. बॅग उचलणारा माणूस आधी हातानं अंदाज घेतो, असं ती धरून चालली होती. तिच्या ओळखीची सगळी माणसं घेत. या बिचाऱ्यानं उभ्या जन्मात काही उचललं नव्हतं. त्यानं हसत हिसका दिला. बॅग जागची हलली नाही, नायक मात्र खाली आला आणि थेट मावशीच्या पायांशी गुडघे टेकून बसला. अख्खा सेट पोट धरून हसला. तिलाही हसू आवरेना.

नायकाचा हात तीन दिवस झोळीत होता. त्याला दुखण्यापेक्षा ते हसणं जास्त लागलं. हा नायक दर दुसऱ्या चित्रपटात असायचा. ज्यात तो, त्यात बादलीबाई नको, असा निरोप सगळीकडे गेला. वर्षभरात तिचं काम निम्म्यावर आलं, मग त्याच्याही निम्म्यावर.

"विटा मोजून भरायच्या," आई एवढंच म्हणाली. "चार पुरल्या असत्या."

त्या सुमारास टेलिव्हिजन नवा होता. मालिका तेव्हा आधी चित्रित करून ठेवत नसत. स्टुडिओत घडे, ते त्याच क्षणी घरोघरी दिसे. चुकलं तर सगळ्यांसमोर चुकलं. आठवड्याला एक भाग, एका डॉक्टरच्या घरातली गोष्ट, त्यात तिला मोलकरणीचं काम मिळालं. तीन भाग झाले आणि दिग्दर्शकानं हात टेकले.

"बाई, तुम्ही एक टेबल पुसेपर्यंत आमचं नवराबायकोचं भांडण संपतं."

"टेबल मोठं आहे, साहेब."

"अहो, पुसल्यासारखं करा!"

"पुसल्यासारखं मला येत नाही. पुसता येतं."

पाचव्या भागात मोलकरीण गावी जाणार आणि परत येणार नाही, असं लेखकानं लिहून टाकलं. हातात दुसरं काम नव्हतं. आणि त्याच आठवड्यात सकाळी नळावरून येताना आईनं भरलेली बादली वाटेत ठेवली आणि पायरीवर बसली. अडुसष्ट वर्षांची बाई बसली तर त्यात नवल काय? पण आई वाटेत कधी बसली नव्हती. बोटं सुजली होती, कडीभोवती मिटत नव्हती.

"दम घेतेय," आई म्हणाली. "बघतेस काय? उचल."

तिनं उचलली.  काम गेलं की आई भट्टी सोडणार नाही, आणि भट्टी आता आईला सोडणार नाही, हे तिला लख्ख दिसत होतं.

चौथा भाग संध्याकाळी सात वाजता सुरू झाला. तिचा प्रवेश साधा. ती इस्त्री करतेय, डॉक्टर येतो, ती म्हणते, "दूध तापवलंय," आणि निघून जाते. इस्त्री खरी आणि गरम हवी म्हणून तिनं वायरमनशी भांडून आधीच ती जोडून घेतली होती. कॅमेरा तिच्यावर आला. डॉक्टर आला नाही.

डॉक्टर दोन मजल्यांच्या मध्ये होता. रंगपट वरच्या मजल्यावर, आणि खाली येताना लिफ्ट अडकली होती.

कॅमेऱ्यामागून दिग्दर्शक दोन्ही हातांनी रबर ताणल्याची खूण करू लागला. चेहरा खडूसारखा पांढरा. बोलायला तिच्याकडे दोन शब्द होते आणि तेही डॉक्टरसाठी राखलेले. तिनं ते तसेच ठेवले. टोपलीतून चुरगळलेला शर्ट काढला. झटकला. ओंजळीतून पाणी शिंपडलं, गुंडाळून दाबला, पुन्हा उलगडला. बोट ओलं करून इस्त्रीला टेकवलं. चर्र झालं. मग पाठ, मग पुढची पाखं, बटणांच्या मधून टोक फिरवत. बाह्या. कफ आतून, मग बाहेरून. कॉलर टोकांकडून मध्याकडे. वाफ वर चढत होती. सेटवर कुणी खोकत नव्हतं. शर्टाची घडी घातली, तळहातानं दाबली आणि दुसरा शर्ट घेतला.

सात मिनिटं. एक अक्षर नाही.

दुसऱ्या शर्टाच्या बाहीवर ती होती, तेव्हा डॉक्टर धापा टाकत आत आला. तिनं वर पाहिलं, परीटघडीचा शर्ट त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "दूध तापवलंय." आणि निघून गेली. डॉक्टर आपलं पुढचं वाक्य विसरला. शर्ट मात्र त्यानं दोन्ही हातांनी धरला होता, बाळ धरावं तसा.

ती घरी पोचली, तेव्हा आई दाराशी उभी होती.

"कॉलर आधी करतात," आई म्हणाली.

"काय?"

"कॉलर आधी. मग कफ. पाठ शेवटी. तू पाठ आधी घेतलीस. कुणी शिकवलं तुला?"

"आई, तू पाहिलंस? कुठं?"

"नळावर गेले होते. रेडिओवाल्याच्या दुकानात गर्दी दिसली. म्हटलं, आग लागली की काय. बघते तर टेलिव्हिजनवर तू." आईनं थोडा वेळ तिच्याकडे निरखून पाहिलं. "इस्त्री तापलेली होती?"

"होती."

"वाफ दिसली. तिथं रोज असंच करतेस?"

"रोज."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"अगं, वीस वर्षं सांगतेय!"

"सांगत होतीस. दाखवलं नव्हतंस." आई आत वळली. "कफ बरे होते."

स्टुडिओत पोतंभर पत्रं आली. डॉक्टरबद्दल त्यात फारसं काही नव्हतं. कॉलरचं टोक करपू नये म्हणून काय करता, असं बायकांनी विचारलं होतं. तिघींनी पाठ शेवटी घ्यायची असते, हेही बजावलं होतं. लेखकानं मोलकरणीचं गावी जाणं पुढं ढकललं. गावी न्यायची पिशवी सेटवर भरून तयार होती, ती पुढची अकरा वर्षं दाराशीच पडून राहिली. भरलेली होती, हे सांगायला नको.

वर्षाचा करार हातात आला, त्या सकाळी आईनं हंड्याखाली लाकडं सरकवली नाहीत. ती मात्र सवयीनं चारलाच उठली. कुठं धूर नाही, म्हणून घाबरून शेडमध्ये गेली. आई हंडा उपडा घालून त्यावर बसली होती. "उगाच उठलीस," म्हणाली.

तिच्या कमाईतून शेवटी दोन वस्तू घरात आल्या. आधी घरातला नळ. मग, आणखी दोन वर्षं राबून, कपडे धुण्याचं यंत्र. पुढं गोल काच असलेलं.

शेजारी टेलिव्हिजनपुढं बसत. आई यंत्रापुढं खुर्ची टाकून हाताची घडी घालून बसायची. आयुष्यात पहिल्यांदा दुसरं कुणीतरी धूत होतं आणि ती बघत होती. बघून तिचं समाधान झालं नाही.

"अर्धंच पाणी घेतं हे."

"तेवढं पुरतं त्याला, आई."

"पुरतं कसलं, कामचुकार आहे. एक बादली भरून ठेव शेजारी. लागलं तर असू दे."

तिनं नळाखाली बादली लावली, काठोकाठ भरली, चार पावलं चालून यंत्राशेजारी ठेवली. एक खांदा खाली आला, रिकामा हात लांब गेला. आईनं वाकून बादलीत पाहिलं.

"बरी भरलीस," म्हणाली आणि पुन्हा काचेकडे वळली.