आक्काच्या ई-रीडरमध्ये न उघडलेले पुस्तक

गुढीपाडवा : माझ्या पुस्तकाचे ई-बुक विक्रीस निघाले, जाहिरातीत ‘सर्व उपकरणांवर चालते’ असे छापले. जबाबदार : प्रकाशक स्वतः.

अक्षय्य तृतीया : सांगलीतील माझ्या थोरल्या बहिणीने, आक्काने, ते विकत घेतले. ते केवळ प्रकाशकांच्याच ॲपमध्ये उघडत होते, तिच्या ई-रीडरमध्ये नाही. जबाबदार : त्यांचा संगणक विभाग.

वटपौर्णिमा : माझ्या तिसऱ्या रजिस्टर पत्रानंतर त्यांनी एक पीडीएफ पाठवून प्रकरण मिटल्याचे कळवले. जबाबदार : त्यांचे व्यवस्थापक.

प्रकरण मिटले नव्हते. आक्काची नजर मंदावत चालली आहे. ठळक, मोठी अक्षरे तिला अजून दिसतात. पुढची खात्री डॉक्टर देत नाहीत. पुस्तक आम्हा भावंडांच्या कोयनानगरमधील बालपणाचे आहे आणि तिने ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे, एवढ्याचसाठी मी ते लिहिले.

पीडीएफ घेऊन मी साताऱ्याहून तिच्याकडे गेलो. तिने अक्षर मोठे केले आणि ई-रीडर माझ्यापुढे धरला.

“ही बघ. ओळ पडद्याभाईर पळतीया. हिकडचा शब्द वाचंस्तवर तिकडचा गेला.”

“आक्का, मी त्यांना नोटीसच देतो.”

“नोटीस न्हाई रं मागितली म्या. पुस्तक मागितलं.”

आयुष्यभर वकिली केलेल्या माणसाने नोटिशीचा विचार तिथेच सोडला.

घरी परतून मी प्रथम कायदा वाचला. दृष्टी अधू असलेल्या व्यक्तीसाठी वाचता येईल अशी प्रत करण्यास कॉपीराइट कायद्याची मुभा आहे. मग ईपब हा ई-बुकचा फाईल-प्रकार शिकलो. या फाईलमध्ये पीडीएफसारखे पान बांधलेले नसते. अक्षर वाढवले की ओळ आपोआप मोडून खाली येते. माझे मूळ लेखन संगणकावर जुन्या फॉन्टमध्ये होते. ते युनिकोडमध्ये बदलताच काना-मात्रांची दाणादाण उडाली. तेव्हा सगळे पुस्तक दोन बोटांनी पुन्हा टाइप केले. खटला जिंकूनही मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

सांगलीला जाऊन ती फाईल ई-रीडरमध्ये घातली. आक्काने अक्षर इतके वाढवले की ओळीत चारच शब्द मावले. पण चारही पडद्यावर होते. ती मोठ्याने वाचू लागली. दुसरे प्रकरण निम्म्यावर आले आणि ती थांबली.

“खोटं लिवलंयस, वकील. घाटात सायकलीवरनं तू पडला व्हतास, मी न्हवं.”

मी दुरुस्ती मान्य केली.

तेवढ्यात शेजारीण आली. “हे पुस्तक आमच्या धाकट्यानं स्वता केलंय,” आक्का तिला म्हणाली, “लय वाचायचं ऱ्हायलंय अजून, तुमी बसा,” आणि पुढचे पान उलटले.

आक्का वाचते आहे. परंतु ज्यांच्या घरी दोन बोटांनी टाइप करणारा भाऊ नाही, अशा वाचकांचे काय? प्रकाशक महाशय, साठी उलटलेला माणूस घरबसल्या जे करू शकला, ते आपण का केले नाही आणि केले नसताना ‘सर्व उपकरणांवर चालते’ असे कोणत्या आधारावर छापले? मला खासगी पत्र नको. उत्तर याच वर्तमानपत्रात, जाहीरपणे द्या.