घण मारणारी बाई

स्वराज्य आल्यानंतरच्या वर्षांतली गोष्ट. दिवाळी सरली की सिंदेवाहीकडच्या माझ्या सासरी गाडीलोहार, गाड्यांतून गावोगाव फिरणारे लोहार, उतरत. त्या वर्षी कापलेलं धान बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, पडलं होतं, वर आभाळ भरलं होतं, आणि लाकूड वाळून आमच्या जुन्या बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, चाकाची लोखंडी धाव सैल झाली होती.

आमच्या अंगणात आलेल्या लोहाराची बायको घण मारायची. नवरा नुसता चिमटा धरायचा. तिचं नाव मी विचारलं नाही.

"चाक तलावात टाकतो. फुगलं का बसते धाव," सासरे म्हणाले. दरवर्षी ते हेच करत.

"मामा, आज फुगन, उद्या वावरात सुकन. मंग धान काय डोक्शावर आनसान?" लोहारीण म्हणाली.

तिने धाव तोडून आखूड जोडली, गोवऱ्यांत लाल करून चाकावर चढवली. पाणी ओतताच धाव आवळली आणि चाक करकरलं.

"बाईच्या हातची धाव भरली बंडी पेलन काय?" सासऱ्यांनी विचारलं.

ती पहिल्याच खेपेला आपलं तान्हं पोर घेऊन धानाच्या भाऱ्यांवर चढून बसली. स्वतःच्या कामावर अशी पोर घेऊन बसणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

नाला ओलांडून बंडी खळ्यावर आली. आम्ही सगळे वाकून चाक पाहू लागलो. ती उतरली आणि चाकाकडे न बघता, आमच्या अंगणातला घण उचलून शेजारच्या अंगणात कामाला गेली.